३३ दिवसांचं पिल्लू घरी आणू का?

वाचक ताईंचं पत्र :

‘नमस्कार डॉक्टर. आम्ही साताऱ्याला राहतो. घरात मी, माझे मिस्टर, सासूबाई, ९ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा. मुलं दोन वर्षं कुत्र्यासाठी हटून बसली होती. शेवटी एका ब्रीडरकडे लॅब्रॅडॉरचं पिल्लू पाहिलं आणि ५,००० रुपये ॲडव्हान्स दिला. पिल्लं आज २९ दिवसांची आहेत. ब्रीडर म्हणतात, येत्या रविवारी घेऊन जा. आईनं दूध पाजणं बंद केलंय, पिल्लं जवळ गेली की गुरगुरते. शिवाय जितकं लहान न्याल तितका लळा लागेल, मोठं झालं की माणसाला धरत नाही. मिस्टरांना हे पटलंय, कारण मुलांना दिवाळीची सुट्टी लागतेय आणि सुट्टीत पिल्लाकडे लक्ष देता येईल. सासूबाई मात्र म्हणतात, एवढ्याशा जिवाला आईपासून तोडू नका. यावरून घरात दोन दिवस अबोला आहे. कुणाचं ऐकू? पिल्लू आईपासून कधी वेगळं करावं?’

प्रिय ताई,

रविवार तोंडावर होता म्हणून तुम्हाला फोनवर दोनच वाक्यांत सांगितलं : सासूबाईंचं ऐका, आणि रविवारी पिल्लू आणायला नको, भेटायला जा. आता नीट लिहिते. दिवाळी आणि मे महिना, या दोन सुट्ट्या जवळ आल्या की हाच प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा हे उत्तर आणखीही काही घरांच्या कामी येईल.

पिल्लू पूर्ण ८ आठवड्यांचं, म्हणजे ५६ दिवसांचं होईपर्यंत आईजवळ आणि भावंडांत राहायला हवं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींची पिल्लं ८ ते ९ आठवड्यांची झाली की खुशाल आणावीत. पॉमेरेनियन, शिह त्झू, चिहुआहुआ अशा लहान चणीच्या जातींसाठी मी १० ते १२ आठवडे थांबायला सांगते. त्या चिमुकल्या अंगात साखरेचा साठा फारसा नसतो. नव्या घराच्या धास्तीनं दोन वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटायला लागतं, गार पडतं. तुमचं पिल्लू लॅब्रॅडॉरचं, म्हणजे त्याचे अजून २७ दिवस बाकी आहेत.

नुसता आकडा सांगून तुमच्या घरातला अबोला सुटणार नाही, हे मला कळतं. ‘लहान आणलं की लळा लागतो’ हे तुमच्या ब्रीडरचं एकट्याचं मत नाही. मी ते खेड्यात ऐकलंय, शहरात ऐकलंय, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्या तथ्याच्या जोरावरच ते इतकी वर्षं टिकून आहे. म्हणून आधी त्यातलं खरं काय ते सांगते.

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांनी कान. तिसरा आठवडा संपता संपता ते धडपडत उभं राहतं, शेपूट हलवतं, आवाजाला दचकतं. तिथून पुढे साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत त्याच्या मनाचं दार सताड उघडं असतं. या काळात जे सहज, न घाबरता ओळखीचं झालं ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. माणूस, मांजर, स्कूटर, कुकरची शिट्टी, काठी टेकत चालणारे आजोबा, काहीही. हळूहळू हे दार लोटलं जातं, आणि नंतर जे नवं समोर येईल त्याकडे कुत्रं आधी संशयानंच बघतं. आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे : माणसाळणं.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लं वाढवत वाढवत अनेक वर्षं याचा अभ्यास केला, आणि १९६५ साली तो ग्रंथरूपानं आला. तिथल्याच एका प्रयोगात पिल्लं आईसोबत कुंपणाच्या मोठ्या आवारात ठेवली होती, माणसाचा संबंध येऊ द्यायचा नाही अशी व्यवस्था करून. मग वेगवेगळ्या वयाला एकेक गट आठवडाभर माणसांत आणला. जी पिल्लं १४ आठवडे माणसाशिवाय राहिली ती रानातल्या जनावरासारखी झाली होती, पुढे कितीही चुचकारलं तरी पुरती माणसाळली नाहीत. म्हणजे ‘मोठं झालं की माणसाला धरत नाही’ हे खरं आहे, पण ते माणूसच न पाहिलेल्या सव्वातीन महिन्यांच्या पिल्लाबद्दल. दोन महिन्यांचं पिल्लू त्या उघड्या दाराच्या अगदी मधोमध उभं असतं. तुमच्या मुलांचा लळा लागायला त्याच्याकडे भरपूर दिवस शिल्लक असतात. उलट त्याच प्रयोगात माणसाशी ओळख व्हायला सगळ्यात चांगला काळ ५ ते ९ आठवड्यांचा दिसला होता.

आणि हे दार एकट्या माणसासाठी उघडलेलं नसतं. त्याच दिवसांत पिल्लाला कुत्रं व्हायचं असतं, आणि ते त्याला तुम्ही-मी शिकवू शकत नाही. ते शिकवणारी त्याची आई, आणि सोबत एका वेताची भावंडं.

तुमच्या ब्रीडरनी सांगितलेलं दुसरं वाक्य इथे घेते, कारण त्यांनी जे पाहिलंय ते खोटं नाही. आई खरंच गुरगुरत असणार. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांना दुधाचे दात यायला लागतात, सुईसारखे टोकदार. पाच-सात पिल्लं एकदम आचळांना झोंबली की आईचा जीव कासावीस होतो. ती मधेच उठते, लोंबकळणारी पिल्लं खाली पडतात. पुढे पुढे उभ्याउभ्याच पाजते, कधी ओठ मागे ओढून दात दाखवते, कधी एखाद्याला तोंडानं हलकेच दाबून खाली पाडते. बघणाऱ्याला वाटतं, हिला आता पिल्लं नकोशी झाली. पण दूध तोडणं वेगळं आणि आईपासून तोडणं वेगळं. आपण बाळाचं उष्टावण केलं, ते वरणभात खायला लागलं, म्हणून त्याला आईपासून दूर पाठवतो का? उष्टावणानंतरच तर ते बोलायला, चालायला, हट्ट करायला आणि हट्ट सोडायला शिकतं.

ते गुरगुरणं हाच त्या पिल्लाचा पहिला मोठा धडा असतो. आजवर भूक लागली की दूध मिळत होतं, आज पहिल्यांदा कुणीतरी ‘नाही’ म्हणालं. पिल्लू थबकतं, कान पाडतं, मागे सरकतं, पाठीवर लोळण घेतं. आई लगेच शांत होते, थोड्या वेळानं त्यालाच चाटून काढते. नाही म्हटल्यावर थांबायचं असतं, थांबलं तरी माया कमी होत नाही, हे दोन्ही त्याला एकाच दुपारी कळतं. गोठ्याच्या कोपऱ्यात व्यालेल्या कुत्र्या मी लहानपणापासून बघत आले. त्यांच्या त्या रागाइतका मोजून-मापून केलेला राग मी माणसांत क्वचित पाहिलाय.

भावंडांचा धडा दातांचा. पाचव्या आठवड्यापासून पिल्लं दिवसभर कुस्ती खेळतात. एकानं दुसऱ्याचा कान जोरात चावला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावणारं एकटं पडतं. दिवसातून पन्नास वेळा हे झालं की जबडा किती दाबायचा याचा अंदाज त्याच्या अंगात मुरतो. ताई, तुमच्या घरात ९ आणि ६ वर्षांची मुलं आहेत. त्यांचा हात पिल्लाच्या तोंडात जाणार, चड्डी ओढली जाणार, बोटं चावली जाणार. हा अंदाज घेऊन आलेलं पिल्लू आणि तो न शिकलेलं पिल्लू यांतला फरक सगळ्यात आधी तुमच्या मुलाच्या पोटरीवर दिसेल.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक लॅब्रॅडॉर आला होता. घरच्यांनी त्याला २६ दिवसांचा असताना आणलं होतं, अगदी याच समजुतीनं. रात्री तीन-तीनदा उठून बाटलीनं दूध पाजलं, अंगावर घेऊन निजवलं. मायेत काही कमी नव्हतं. सात महिन्यांचा झाला तेव्हा थोरल्या मुलाच्या दोन्ही हातांवर दातांचे वण होते. खाण्याच्या भांड्याजवळ कुणी गेलं की तो गुरगुरायचा. घरात एकटा राहिला की दाराची लाकडं कुरतडायचा, शेजारी तक्रारी करायचे. रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की भीतीनं थरथरत भुंकायचा, कारण दुसरं कुत्रं म्हणजे काय हे त्याला कधी कळलंच नव्हतं. घरचे म्हणाले, जातच खराब निघाली, आता शेतावर नेऊन बांधतो. मी विचारलं, केवढा असताना आणला? ते उत्तर ऐकून मला त्या कुत्र्याचीही कीव आली आणि त्या घराचीही. त्या माणसांनी काहीच वाईट केलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर कष्ट घेतले तेव्हा चावणं थांबलं. दुसऱ्या कुत्र्यांची भीती मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

एका कुत्र्यावरून नियम काढता येत नाही, हे मलाही मान्य आहे. लवकर आणलेली कितीतरी पिल्लं चांगली निघतात, तुमच्या ओळखीत तशी असतीलही. म्हणून इटलीतल्या पशुवैद्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगते. त्यांनी १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं. निम्मी कुत्री ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून वेगळी केलेली, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर आणलेल्यांत फिरायला नेताना घाबरणं, आवाजाला बिथरणं, अति भुंकणं, वस्तू फाडणं, खाण्यावर आणि खेळण्यावर हक्क सांगणं, हे सगळं जास्त आढळलं. तुमचं पिल्लू रविवारी ३३ दिवसांचं होईल, म्हणजे बरोबर त्या पहिल्या गटातलं. त्याआधी, १९९३ साली, दक्षिण आफ्रिकेत जर्मन शेफर्डच्या पिल्लांवर असंच पाहिलं होतं. ६ आठवड्यांना घर बदललेल्या पिल्लांची भूक गेली, वजन घटलं, आजारपणं वाढली. १२ आठवडे आईजवळ राहिलेली माणसांना तितकीच धरून होती आणि तब्येतीनं सरस होती.

तब्येतीचं निघालं म्हणून पोटाचं आणि लसीचं सांगते, कारण दवाखान्यात मी पिल्लं गमावते ती बहुतेक याच पायी. जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकाच्या दुधातून पिल्लाला रोगांशी लढायची ताकद मिळते. ती उसनी असते. सहाव्या आठवड्यापासून पुढे ती ओसरत जाते, कुणात लवकर, कुणात १६ आठवड्यांपर्यंतही टिकते. ती भरपूर असताना लस दिली तर लस नीट लागू पडत नाही, आणि ती संपून लस लागू पडेपर्यंत मधे जी फट राहते त्यात पार्वो, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू, शिरतो. म्हणूनच पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, १६ आठवडे होईपर्यंत, आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांना. ३३ दिवसांच्या पिल्लासोबत कुणी ‘सगळं व्हॅक्सिन झालंय’ असं कार्ड दिलं, तर त्या कार्डावर विसंबून राहू नका.

जंत तर आईच्या पोटातूनच येतात. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठव्या आठवड्यापर्यंत द्यायचं असतं. ते दिलंय का, कधी दिलंय, हे तारखेसह विचारा. हे जंत मुलांनाही होऊ शकतात. पिल्लाशी खेळून झाल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायची सवय आत्तापासून लावा.

आणि दूध. लवकर आणलेल्या पिल्लाला आपल्याकडे सर्रास गायीचं दूध, तेही पाणी घालून देतात. कुत्रीच्या दुधात ढोबळमानानं ९ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ८ टक्के प्रथिनं असतात. गायीच्या दुधात दोन्ही त्याच्या निम्म्याहूनही कमी, दुधातली साखर मात्र जास्त. ती साखर पचत नाही, पिल्लाला ढाळ लागतात, अंगातलं पाणी जातं, आणि दोन दिवसांत ते टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या टेबलावर येतं. पाणी घालून ते दूध आणखी पातळ करणं म्हणजे पिल्लाला भरल्या पोटी उपाशी ठेवणं.

आता दिवाळीबद्दल. मिस्टरांचं म्हणणं मला मनापासून पटतं. सुट्टीत मुलं घरात, लक्ष द्यायला माणूस, विचार चांगलाच आहे. पण हीच सुट्टी फटाक्यांचीही असते. आईच्या कुशीतून कालच उचललेलं, रात्री एकटं पडलेलं पिल्लू, आणि खिडकीखाली सुतळी बॉम्ब. ज्या वयात भीती मनात घर करून बसते त्याच वयात त्याला हे ऐकवायचं का? फटाक्याला घाबरणारं कुत्रं दरवर्षी घाबरतं, दहा-बारा वर्षं, कॉटखाली जाऊन थरथरतं. तुमच्या पिल्लाचे ८ आठवडे भरतील तेव्हा तुळशीची लग्नं आटोपून आवाज शांत झालेले असतील. त्यापुढच्या शनिवारी आणा. पहिल्या आठवड्यात तुमच्या दोघांपैकी एकानं तीन-चार दिवस रजा काढली, दुपारी सासूबाई घरी आहेतच, तर मुलं शाळेत गेली तरी पिल्लाचं काही बिघडणार नाही. दिवसभर गर्दीत राहून संध्याकाळी पाच जणांच्या हातांतून फिरण्यापेक्षा त्याला ही शांतताच मानवेल.

मग सुट्टीचं काय करायचं? मुलांना घेऊन भेटायला जा. आठवड्यातून दोनदा, तासभर. जमिनीवर बसायचं, पिल्लांना आपणहून अंगावर येऊ द्यायचं, ओढून उचलायचं नाही. तुमचा वास, मुलांचे आवाज, हाताचा स्पर्श, सगळं त्याला आईच्या सावलीत ओळखीचं होईल. म्हणजे ज्या लळ्यासाठी घाई चालली होती तो आत्तापासूनच लागायला सुरुवात होईल, तेही आई न हिरावता. जाताना फक्त एक काळजी घ्या. दुसऱ्या कुत्र्यांजवळून थेट जाऊ नका, चपला बाहेर काढा, हात धुवा. पार्वो बुटांवरून आणि कपड्यांवरून जातो आणि तिथे अख्खं वेत आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सासूबाईंच्या जुन्या साडीची एक छोटी गोधडी न्या आणि आई जिथे पिल्लांना घेऊन निजते तिथे टाकून या. पिल्लू आणाल त्या दिवशी ती गोधडी न धुता तशीच सोबत आणायची. वासानं घाण वाटेल, पण पहिल्या चार रात्री तीच त्याची आई.

ब्रीडरशी कसं बोलायचं हे तुम्ही फोनवर विचारलंत. त्यांना शत्रू समजू नका. चौथ्या आठवड्यानंतर पिल्लं खायला लागतात, घाण दुपटीनं वाढते, लस-औषधाचा खर्च सुरू होतो, आणि एक पिल्लू आजारी पडलं तर सगळी जायची धास्ती असते. म्हणून त्यांची घाई. तेव्हा आपणहून म्हणा : चार आठवड्यांच्या खाण्याचा आणि पहिल्या लसीचा खर्च आम्ही देतो, पिल्लू आईजवळच ठेवा, ५६ दिवसांचं झालं की नेतो. हे तारखेसह कागदावर घ्या, ॲडव्हान्सची पावतीही घ्या. चांगला ब्रीडर याला हसत हो म्हणतो. कारण त्यालाही ठाऊक असतं की ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला कायद्यानंच बंदी आहे. केंद्र सरकारनं २०१७ साली श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केले, त्यात हे स्पष्ट आहे. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ती आहे का, हे शांतपणे विचारा. एवढं सांगूनही ‘रविवारी नाहीतर दुसऱ्याला देतो’ असं उत्तर आलं, तर ताई, ५,००० रुपये सोडा आणि दुसरीकडे बघा. असं सांगताना मला पैशाची किंमत कळत नाही असं नाही. पण लॅब्रॅडॉर तुमच्याकडे दहा-बारा वर्षं राहणार आहे.

रविवारी गेलात की जागाही डोळे उघडे ठेवून बघा. आई दाखवायला टाळाटाळ होतेय का, पिल्लं माणूस दिसल्यावर पुढे येतात की कोपऱ्यात दडतात, निजायची आणि घाण करायची जागा वेगळी आहे का. हे शेवटचं फार कामाचं. पिल्लांना थोडं चालता आलं की ती आपणहून अंथरुणापासून लांब जाऊन शी-शू करायला लागतात. ज्यांना तशी जागा मिळाली ती पिल्लं घरात आल्यावर शिस्त पटकन शिकतात. जी पिंजऱ्यात घाणीतच निजली त्यांना ते शिकवता शिकवता नाकी नऊ येतात. पिल्लं अंधाऱ्या खोलीत कोंडलेली, आई हाडाची कुडी झालेली, माणूस दिवसातून एकदा फक्त खाणं टाकायला येणारा, असं असेल तर तिथे ८ आठवडे मोजत बसण्यात काही हशील नाही. अशा जागेतून पिल्लू घेऊच नका. कीव येऊन घेतलं तरी त्या जागी पुढच्या वेताची सोय तुम्हीच करून देता.

एक अपवाद लिहायलाच हवा, कारण हे वाचून कुणाच्या मनात येईल. भाद्रपद सरला की दोन महिन्यांनी गल्लोगल्ली कुत्र्या वितात आणि त्यांतल्या काही गाडीखाली सापडतात. पोरकी पिल्लं समोर आली तर ८ आठवड्यांचा नियम धरून बसता येत नाही, उचलावंच लागतं. अशा वेळी शक्यतो दोन भावंडं तरी एकत्र ठेवा, निदान ८ आठवडे होईपर्यंत. ऊब आधी, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, आधी अंग गरम होऊ द्या. पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा आणि त्याला पालथं, पोटावर ठेवून पाजा, बाळासारखं उताणं धरून नको, दूध छातीत जातं. तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर पाजल्यावर कोमट पाण्यातल्या कापसानं खालची जागा हलकेच पुसा, एरवी आई चाटते तसं, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. पण आई जिवंत असेल, खाण्यापिण्यासाठी तासभर लांब गेली असेल, तर पिल्लं ‘टाकून दिलेली’ समजून घरी नेऊ नका. मी सातवीत असताना विहिरीजवळच्या ढोलीतून असंच एक पिल्लू दप्तरात घालून आणलं होतं. त्याची आई चार दिवस आमच्या अंगणाबाहेर येऊन बसत होती. पाचव्या दिवशी माझ्या आजीनं मला बोटाला धरून ते परत ठेवायला लावलं.

तुमचं पिल्लू घरी आल्यावरच्या पहिल्या रात्रीचं सांगते. ते रडणार. गॅलरीत किंवा बाथरूममध्ये ठेवून ‘सवय होईल’ असं म्हणू नका. खोक्यात ती गोधडी घाला, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, आणि खोकं तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला तर पोचेल इतकं जवळ. रडलं की बोटं लागू द्या. आठवड्याभरात ते शांत झोपेल, मग खोकं रोज थोडं थोडं तुमच्या ठरलेल्या जागेकडे सरकवा.

आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घरात कोंडू नका, ही दुसरी टोकाची चूक मी पाहते. ते उघडं दार याच दिवसांत लोटत असतं. जमिनीवर सोडू नका, दुसऱ्या कुत्र्यांनी घाण केलेल्या जागी नेऊ नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर जा. भाजी मंडई, एसटी स्टँडचा भोंगा, देवळातली घंटा, शाळा सुटतानाचा गलका, पाऊस, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस. दहा मिनिटं पुरे. घाबरलं तर लगेच लांब जा आणि दुसऱ्या दिवशी थोड्या अंतरावरून पुन्हा.

आणायच्या दिवशी सकाळी लवकर निघा. निघण्याआधी त्याला पोटभर खायला घालू नका, गाडी लागते. तिथे ते जे खात होतं तेच चार दिवसांचं बांधून आणा आणि त्याच वेळांना तेच घाला; खाणं बदलायचं ते आठवड्यानंतर, थोडं थोडं. मुलांना मागच्या सीटवर बसवा. पिल्लू गोधडीसकट सासूबाईंच्या मांडीवर द्या.